बेडे, कोंडवाडा आणि राजरस्ता

आमच्या लहानपणी कुळागरात जाताना घरातील वडीलधारी माणसे एकच ताकीद देत असत : "बेडे उघडलेस तर लावून ये." पुस्तकाची पाने फाडली, घागर फोडली, तर त्याची क्षमा होई, परंतु उघडे राहिलेल्या बेड्याची होत नसे. दोन खांबांना भोके पाडून त्यांत सरकवलेले तीन-चार आडवे बांबू, एवढाच काय तो त्या वस्तूचा थाट. तथापि त्या बांबूंच्या आत एका घराचे वर्षाचे धान्य असे आणि बाहेर साऱ्या गावची गुरे असत. आपल्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये, हा धडा आम्हांस प्रथम त्या बेड्याने दिला.

आज त्याच बेड्याचा प्रश्न निराळ्या रूपाने आपणांसमोर उभा आहे. पावसाळ्याच्या रात्री डांबरी रस्त्याच्या उबेला येऊन बसलेली गुरे आणि अंधारातून येणारी वाहने यांची गाठ कशी पडते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक गावाने त्याची किंमत मोजली आहे; कधी मुक्या जनावराच्या प्राणाने, तर कधी तरण्याताठ्या माणसाच्या. अशा वेळी कुंपण, कोंडवाडा आणि सार्वजनिक रस्ता यांचा आपल्या पूर्वजांनी काय विचार केला होता, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुरांचे धनी आणि गुराखी यांच्या वादांची चर्चा आहे. गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा गुरांच्या चराईसाठी राखून ठेवावा, नगराभोवती त्याच्या तिप्पट ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. या पट्ट्यात कोणी कुंपणाविना पीक घेतले आणि गुरांनी ते खाल्ले, तर गुराख्याला दंड नाही. कुंपण कसे असावे, याचेही मोजमाप दिले आहे : उंटाला वरून डोकावता येऊ नये इतके ते उंच असावे आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक भगदाड बुजवलेले असावे. रस्त्याकडेच्या अथवा गावालगतच्या कुंपण घातलेल्या शेतात गुरे शिरली, तर मात्र सोबतच्या गुराख्यास शंभर पणांचा दंड सांगितला आहे. गुराख्याविना फिरणारी गुरे नुसती हाकलून द्यावीत. नुकतीच व्यालेली गाय, सोडलेला वळू आणि देवाची गुरे यांना दंडातून वगळले आहे. देवस्थानाशी संबंध असलेल्या आपणांसारख्यांनी हा शेवटचा अपवाद विशेष लक्षात ठेवावा. त्याकडे पुढे वळायचे आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीने दंडाचे प्रमाण अधिक बारकाईने ठरवले. पीक नासणाऱ्या म्हशीस आठ माष, गाईस त्याच्या निम्मे आणि शेळी-मेंढीस त्याच्याही निम्मे. खाऊन तेथेच बसलेल्या जनावराबद्दल दुप्पट. रस्त्यालगतच्या किंवा गावाच्या कुरणालगतच्या शेतात गुरे अजाणता शिरली, तर दोष नाही. जाणूनबुजून सोडली, तर चोराप्रमाणे शिक्षा. याच स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली. गोव्याचे कदंब हे त्याच चालुक्यांचे मांडलिक होते, तेव्हा हा विचार आपल्या भूमीस परका नाही.

या सर्व वचनांमागे एकच सूत्र दिसते. जबाबदारी तिघांत वाटलेली आहे : शेतकऱ्याने कुंपण घालावे, धन्याने गुराखी ठेवावा आणि गावाने कुरण राखावे. या तिवईचा एक पाय मोडला, तर उरलेले दोन भार पेलू शकत नाहीत.

आपल्याकडे गावकरी संस्थेने ही तिवई शतकानुशतके उभी ठेवली. १५२६ साली अफोन्सो मेशियाने फोराल लिहून काढला, तो गावकऱ्यांच्या चालत आलेल्या रूढींची नोंद म्हणूनच. खाजन, खेर आणि मोरड या तिन्ही प्रकारच्या जमिनींची राखण निरनिराळी होती. खाजनात बांध आणि मानस सांभाळावी लागे, मोरडीस दगडी गडगा लागे आणि कुळागरास शेर, निवडुंग वा करवंदीच्या काट्यांची वई पुरे. दोन कुंपणांमधून गेलेल्या पाणंदीने गुरे डोंगरावर जात व तिन्हीसांजेला त्याच वाटेने गोठ्यात परतत. मोकाट सुटणाऱ्या द्वाड गुराच्या गळ्यात लोढणे असे. सरद पीक निघाले, की जेथे वायंगण होत नसे तेथील बेडी काढली जात आणि उघडे शेत सर्वांच्या गुरांना मोकळे होई. म्हणजे बेडे केव्हा लावायचे याला जसा नियम होता, तसाच केव्हा काढायचे यालाही होता.

एकोणिसाव्या शतकात लिखित कायदा आला, आणि येथे एक लक्षणीय भेद दिसतो. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून अमलात आली. ज्याच्या जनावराने दुसऱ्याचे नुकसान केले, त्याने ते भरून द्यावे. आपली चूक वा हयगय नव्हती हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच, असे तिचे तत्त्व होते. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७१ साली, शेजारच्या ब्रिटिश मुलखात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. बेळगाव, रत्नागिरीकडील आपल्या बांधवांना कोंडवाडा परिचित झाला तो याच कायद्यामुळे. पिकात शिरलेले गुरू शेतकऱ्याने धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे. सार्वजनिक रस्त्यावर भटकणारे गुरू पोलिसांनी वा रस्त्यांच्या अधिकाऱ्यांनी धरावे. सात दिवसांत धनी न आल्यास जाहीर सूचना देऊन लिलाव करावा, अशी ती व्यवस्था. मूळ दंड हत्तीस दोन रुपये, उंट व म्हशीस आठ आणे, गाय, बैल व घोड्यास चार आणे, वासरास दोन आणे आणि शेळी-मेंढीस एक आणा असा होता. म्हशीस आठ व गाईस चार, हे याज्ञवल्क्याचेच प्रमाण योगायोगाने येथेही उतरलेले पाहून मौज वाटते. विनाकारण गुरू धरणाऱ्याकडून धन्याला भरपाई मिळण्याची तरतूदही त्यात होती.

परंतु कोंडवाडा उभा राहिला, त्याच काळात कुरण मात्र आकसत गेले. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात, डोंगर, पडीत जमिनी व गायराने जंगलखात्याकडे गेल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरण्यास जागा उरली नाही, हे दुःख परखडपणे मांडले आहे. चराईची जागा काढून घ्यायची आणि भटकणाऱ्या गुराला दंड करायचा, हा न्याय अपुरा होता.

याच प्रश्नाने इंग्लंडलाही बराच काळ चकवले, हे ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. रात्री सायकलवरून जाणारा एक मनुष्य शेताच्या मोडक्या कुंपणातून रस्त्यावर आलेल्या घोड्यावर आदळला. तो वाद उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला आणि १९४६ साली निर्णय मिळाला, की गुरे रस्त्यावर येऊ नयेत म्हणून कुंपण राखण्याचे बंधन शेतकऱ्यावर नाही. कारण पूर्वी रस्त्याकडेची शेते उघडीच असत. जुन्या बैलगाडीच्या काळातला न्याय मोटारीच्या काळाला लावला गेला. अखेर १९७१ च्या प्राणिविषयक कायद्याने ही सवलत रद्द केली. मात्र परंपरेने उघड्या असलेल्या सामाईक चराऊ जमिनींचा अपवाद राखला.

या निर्णयातच आपल्या विषयाचे मर्म आहे. पूर्वीचे कुंपण गुरांना शेताबाहेर ठेवण्यासाठी होते. आजचे कुंपण त्यांना रस्त्याबाहेर ठेवण्यासाठी हवे. कुंपण तेच, पण त्याचे तोंड फिरले आहे. हे फिरलेले तोंड आपल्या मनाने अद्याप ओळखलेले नाही.

मुक्तीनंतर गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. हा न्याय आवश्यकच होता. परंतु गावकरीकडील सामाईक राखणीचे ओझे कोणी वाहायचे, याचे उत्तर सगळीकडे सारखेच समाधानकारक मिळाले नाही. पुढे अनेक शेते पडीक पडली. ज्या शेतात पीक नाही त्याचे बेडे कोण लावणार? पॉवर टिलर आला तसे बैल गेले. गुराख्याची मुले शाळेत गेली, हे इष्टच झाले. पण दूध आटलेली गाय व निरुपयोगी ठरलेला गोऱ्हा यांना रस्त्याशिवाय ठाव राहिला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात पन्नास लाखांहून अधिक मोकाट गुरे मोजली गेली. राज्यघटनेने कोंडवाडा व गुरांचे अतिक्रमण हा विषय राज्यांकडे दिला आहे, १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने तो नगरपालिकांच्या कामांच्या यादीतही घातला. जनावराबाबत हयगय करणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही ती आहे. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती संध्याकाळी उठून बेडे लावणाऱ्या हाताची.

आता त्या अपवादाकडे वळू. देवाला सोडलेल्या गुरांना स्मृतिकारांनी दंड माफ केला, तो गावाभोवती कुरण राखण्यास सांगूनच. देवाच्या नावाने वासरू सोडायचे आणि त्याच्या चाऱ्याची, निवाऱ्याची चिंता करायची नाही, यास दान म्हणता येणार नाही. आपल्या सीमेवरील राखणदारास आपण नारळ ठेवतो. पण राखण ही केवळ त्याच्यावर सोपवण्याची गोष्ट नव्हे. देवस्थानाच्या जमिनींचे गडगे व बेडी महाजनांनी प्रथम नीट करावीत, देवाच्या गुरांस गोठा व वैरण मिळेल एवढी तजवीज उत्सवाच्या खर्चातून करावी, आणि मगच शेजाऱ्यास चार शब्द सांगावेत, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आमच्या कुळागराचे बेडे आता लोखंडी झाले आहे. कडी मात्र अजून हातानेच लावावी लागते.