जिताडा: खारेपाटातलं तळं, साहेबाची हौस आणि आमचा वीकेंड

आजचा एपिसोड एका माशाबद्दल आहे. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित अवतार.

मी राहतो माणला, हिंजवडी फेज तीनच्या कडेला. इथून समुद्र काही हाकेच्या अंतरावर नाही. तरी आमच्या ऑफिसात चार-पाच जणांचा एक येडा ग्रुप आहे. शुक्रवारी लॉगआउट केलं की रॉड गाडीत टाकायचे, घाट उतरून खोपोली, पेण, वडखळ करत अलिबागच्या बाजूला जायचं आणि भरतीची वेळ बघून खाडीवर उभं राहायचं. आपण देशावरचे लोक याला 'गळ टाकणं' म्हणतो. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि या उद्योगाला 'गरवणं'.

एका मे महिन्याच्या शेवटी मित्राच्या गरीला जिताडा लागला. जवळपास नऊ किलोचा. आमचा आनंद गगनात मावेना. फोटो झाले, स्टेटस झालं. गावातल्या ओळखीच्या काकूंकडे मासा कापायला दिला. त्यांनी पोट उघडलं तर आत गाभोळीच्या दोन जाडजूड पिशव्या. काकू एवढंच म्हणाल्या, "पावसाच्या तोंडावर आईलाच उचलून आणलीत की रे."

तेव्हा आम्ही हसलो आणि रस्सा ओरपला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग वाचायला बसलो.

आधी नावाची गंमत. १७९० मध्ये बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरने या माशाची शास्त्रीय नोंद केली. आज त्याचं नाव लेटिस कॅल्कॅरिफर. बंगालमध्ये हाच भेटकी, ऑस्ट्रेलियात हाच बॅरामुंडी. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध शब्दकोशात तो 'कॉकअप' नावाने सापडतो. कलकत्त्याच्या साहेब लोकांच्या नाश्त्याला तो रोज लागायचा, अशी तिथे नोंद आहे. म्हणजे चवीचं कौतुक नवीन नाही.

हौस म्हणून रॉड घेऊन मासे धरणं, आणि त्यावर पुस्तकं लिहिणं, क्लब काढणं, हे मात्र साहेबांनी रुजवलं. मंगळूर भागात कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये आलं. मुंबईत १९३६ मध्ये अँगलिंगची संघटना उभी राहिली आणि पवई तलाव तिचा अड्डा झाला. मधल्या काळात, १८९७ मध्ये, इंडियन फिशरीज ॲक्ट आला. त्याने स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर बंदी घातली.

पण जिताड्याचा आपला खरा इतिहास क्लबात नाही, तो खारेपाटात आहे. पेण-अलिबागच्या खाडीकाठी लोकांनी मातीचे बांध घालून समुद्राकडून भातशेतीची जमीन मिळवली. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये अशा 'शिलोत्री' जमिनींची माहिती आहे. बांधाला पाणी आत-बाहेर सोडायला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची बोटभर पिल्लं खाडीतून आत शिरतात. शेतकरी ती पकडायचे आणि घराजवळच्या तळ्यात सोडायचे. बारीक मासळी खाऊन ती वाढायची. दोन-तीन वर्षांनी लग्नकार्य निघालं, जावई आला, की तळ्यातून जिताडा निघायचा. एक प्रकारची फिक्स्ड डिपॉझिटच म्हणा ना! चेन्नईच्या सरकारी संशोधन संस्थेला, म्हणजे सीबाला, बंदिस्त जागेत या माशाचं प्रजनन जमलं ते १९९७ मध्ये. खारेपाट तोवर, आणि अजूनही बराचसा, खाडीने आणून दिलेल्या पिल्लांवरच चालला.

आता ती पिल्लं येतात कुठून? इथे काकूंचं वाक्य परत येतं.

जिताडा बहुतेक वेळा नर म्हणून आयुष्य सुरू करतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. १९७९ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या माशांवरच्या अभ्यासातून हे नीट मांडलं गेलं. याचा अर्थ लक्षात घ्या. स्टेटसला टाकण्याजोगा जो सगळ्यात मोठा मासा, तो बहुधा मादीच असणार. पावसाच्या सुरुवातीला ती खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला येते. एका मादीची अंडी लाखोंच्या घरात. आम्ही नेमके त्याच दिवसांत, त्याच जागी, सगळ्यात मोठी कोण याची पैज लावून उभे होतो.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये हौशी लोकांसाठी नियम असा: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बॅरामुंडी ठेवायचा नाही, आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही नाही. लहान सोडायचा, कारण तो अजून वाढायचाय. मोठी सोडायची, कारण पुढची पिढी तिच्या पोटात आहे. आपल्याकडे बोलणं होतं ते पहिल्या अर्ध्या भागावर. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, तेव्हाही चर्चा होती ती लहान पापलेट मारू नका याचीच.

कोणी म्हणेल, ट्रॉलर समुद्र खरवडतायत, खाड्यांमध्ये कारखान्यांचं पाणी जातंय, तुमच्या चार रॉडने काय होतंय? बरोबर आहे, आमचा वाटा छोटाच. पण ज्याचं पोट त्या खाडीवर आहे त्याला मासा सोडून दे म्हणणं अवघड असतं. आम्हाला सोमवारी पगाराची नोकरी आहे. मासा सोडणं आम्हाला परवडतं. हौस म्हटली की एवढं तरी हवं.

म्हणून ग्रुपमध्ये दोन नियम केलेत. मे अखेर ते ऑगस्ट खाडीच्या मुखाशी रॉड टाकायचा नाही. आणि हाताच्या लांबीपेक्षा मोठा जिताडा लागला, तर पाण्यातच गरी काढून सोडायचा. दोघांनी कुरकुर केली, एक जण ग्रुप सोडून गेला. चालायचंच.

तुमच्या आजोळी घराजवळ असं तळं होतं का? कोणी जिताडा पाळला होता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू!