मध, शिफा आणि मधुमेह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

साखरेचा आजार जडलेल्या माणसाने साखर सोडून मध घ्यावा, असा सल्ला अनेक घरांत आजही दिला जातो. त्याला दोन आधार सांगितले जातात. एक, मधात शिफा असल्याचा कुरआन शरीफातील उल्लेख. आणि दुसरा, जुन्या हकीम-वैद्यांनी मधाला दिलेला मान. हे दोन्ही आधार खरे आहेत. परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

प्रथम आजाराच्या नावांचा विचार करू. 'मधुमेह' या संस्कृत शब्दातच मध आहे. मधासारखी गोड लघवी, असा त्याचा अर्थ. अशा लघवीकडे मुंग्या धावतात, हे प्राचीन भारतीय वैद्यांनी टिपले होते. उर्दूतील 'झियाबितुस' हा शब्द अरबी ग्रंथांतून आला आणि अरबीत तो ग्रीकमधून. ग्रीक शब्दात मात्र गोडीचा मागमूस नाही. पाणी जसे नळीतून वाहून जाते, तसे ते शरीरातून निघून जाते, एवढाच त्याचा आशय आहे. म्हणजे एका परंपरेची नजर गोडीवर होती, तर दुसरीची तहान आणि वारंवार होणाऱ्या लघवीवर. औषधयोजनेतही हा फरक उतरलेला दिसतो.

आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतील एक आहे. प्रमेहाचा संबंध कफ आणि मेद यांच्याशी जोडला गेला. मध हा रूक्ष आणि कफ कमी करणारा मानला जात असल्याने वाग्भटाने प्रमेहावर गुणकारी पदार्थांत त्याची गणना केली. परंतु त्या उपचाराची चौकट ध्यानात घेतली पाहिजे. जव हे तेथील मुख्य अन्न आहे. गुळाचे पदार्थ, दही आणि नवे धान्य ही रोगाची कारणे म्हणून सांगितली आहेत. सुश्रुतसंहितेने तर निर्धन रोग्याला शंभर योजने चालण्याचा आणि विहीर खणण्याचा मार्ग सांगितला आहे. मध हा अशा कठोर पथ्यातील एक घटक होता. साखरेच्या जागी गोडीची हौस भागवण्यासाठी तो दिला जात नव्हता.

युनानी परंपरेचा मार्ग वेगळा आहे. इब्ने सीना (९८०–१०३७) यांच्या 'अल-कानून'मध्ये या आजाराची चर्चा मूत्राच्या विकारांत येते. बगदादचे अब्दुल लतीफ (११६२–१२३१) यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. या परंपरेने झियाबितुसचे कारण बहुतांशी मूत्रपिंडाच्या वाढलेल्या उष्णतेत पाहिले आणि उपचार थंड व आर्द्र ठेवले. मधाचा मिजाज मात्र 'गर्म-खुश्क', म्हणजे उष्ण व कोरडा. इलाज उलट गुणाच्या औषधाने करावा, हा हकिमीचा मूलभूत नियम असल्याने या आजारात मध हे स्वाभाविक औषध ठरत नाही.

शिफेच्या प्रश्नावरही याच दृष्टीने विचार झाला होता. सूरह अन-नहलच्या ६८–६९ या आयतींत मधमाशी आणि मधाचा उल्लेख आहे. दमास्कसचे भाष्यकार इब्ने कसीर (मृत्यू १३७३) यांनी त्यावर लिहिताना तिब्बे नबवीच्या जाणकारांचे मत नोंदवले आहे. आयतीत सर्व रोगांवरील शिफा अशा अर्थाची रचना असती, तर मध प्रत्येक आजारावर चालला असता. परंतु तेथे मोघम 'शिफा' असा शब्द आहे. मध उष्ण असल्यामुळे तो थंड प्रकृतीच्या विकारांना योग्य होय, असे ते मत आहे. मधाचा मान राखूनही त्याची मर्यादा सांगता येते, हे सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या या विवेचनावरून स्पष्ट होते.

हकिमी औषधालयात मधाला मोठे स्थान होते, यात शंका नाही. 'सिकंजबीन' या नावातच सिरका आणि अंगबीन, म्हणजे मध, एकत्र आले आहेत. माजून साधारणतः चूर्णाच्या तिप्पट मधात किंवा साखरेच्या पाकात बनते. झियाबितुससाठी मात्र कुर्स तबाशीरसारख्या वड्या आणि सफूफ, म्हणजे चूर्णे, प्रचारात राहिली. तेव्हा मधुमेहींनी माजून घेताना त्यातील पाकाचाही हिशेब धरावयास हवा.

मग 'मध चालतो' हा समज कोठून बळावला? १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी रोग्याच्या लघवीत साखर असल्याचे दाखवले. १८१५ मध्ये शेव्रल यांनी ती द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, असल्याचे सिद्ध केले. पुढे एकोणिसाव्या शतकातच जर्मन वैद्य क्युल्झ यांना फळशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, मधुमेहींना अधिक सोसते असे आढळले. मधात फ्रुक्टोज अधिक असते. त्यामुळे जुन्या श्रद्धेला नव्या रसायनशास्त्राचा टेकू मिळाल्यासारखे झाले.

परंतु मधात फ्रुक्टोज सुमारे ३८ टक्के, तर ग्लुकोजही सुमारे ३१ टक्के असते. एका मोठ्या चमच्यात (२१ ग्रॅम) सुमारे १७ ग्रॅम साखर भरते. तेवढ्याच चमच्यातील पांढरी साखर सुमारे साडेबारा ग्रॅम असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधील ४८ मधुमेहींच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत मध घेणाऱ्यांचे वजन उतरले, पण रक्तशर्करेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत मधातील साखरही मर्यादा घालावयाच्या साखरेतच धरली आहे. शिवाय रक्तशर्करा एकाएकी घसरली असता, रोगी शुद्धीवर असल्यास, डॉक्टर साखरेप्रमाणेच चमचाभर मधही देण्यास सांगतात. साखर चटकन वाढवणारा पदार्थ रोजच्या चहात निर्धोक कसा मानावा?

मधुमेहींनी मध घ्यावयाचाच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजून आणि साखरेच्या हिशेबात धरूनच घ्यावा. आयतीचा अथवा हकिमीचा हवाला देऊन औषध किंवा इन्सुलिन बंद करणे तर सर्वस्वी चुकीचे होय. आजार पाहून, मिजाज पाहून आणि प्रमाण ठरवून पदार्थ द्यावा, हीच त्या जुन्या हकिमांची रीत होती.