व्यवस्थापकीय लेखांकन
संस्थेच्या व्यवस्थापनाला नियोजन, नियंत्रण व निर्णय यांसाठी आर्थिक माहिती पुरविणारी लेखांकनाची शाखा. वित्तीय लेखांकन झालेल्या व्यवहारांचा ताळेबंद मांडते; व्यवस्थापकीय लेखांकनाची दृष्टी पुढे असते.

राधानगरी (जि. कोल्हापूर) तालुक्यातील ऊस गाळणाऱ्या बिद्री व परिते येथील सहकारी साखर कारखान्यांसारख्या उद्योगात त्याचे महत्त्व स्पष्ट दिसते.

अंदाजपत्रक : नोंदलेले उसाचे क्षेत्र, अपेक्षित गाळप व साखर उतारा यांवरून हंगामाचे अंदाजपत्रक बनते. उसाचे बिल 14 दिवसांत देणे बंधनकारक असते, साखर मात्र वर्षभर विकली जाते. त्यामुळे रोख प्रवाहाचा अंदाज निर्णायक ठरतो.

खर्चनियंत्रण : 2025-26 हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रु. रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ठरला. हा खर्च कारखान्याच्या हाती नसतो. वाफ, देखभाल, गाळपातील खंड यांवर मात्र नियंत्रण शक्य असते. उदा., स्थिर खर्च 60 कोटी रु. असताना गाळप 6 लाख टनांवरून 5 लाखांवर आले, तर टनामागील स्थिर खर्च 1,000 वरून 1,200 रु. होतो.

भांडवली गुंतवणूक : सहवीजनिर्मिती वा आसवनी उभारण्यापूर्वी परतफेडीचा कालावधी व निव्वळ वर्तमान मूल्य तपासतात. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे काम 1918 मध्ये निधीअभावी थांबले व स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. दीर्घ प्रकल्पात निधीचे टप्पे आधीच बांधणे किती आवश्यक असते, हे त्यावरून कळते.