अभियांत्रिकी पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम : तुर्भे आणि पवई

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अभियांत्रिकी पदार्थविज्ञान या विषयाची पदवी दिली जाते. तिच्यातील आवश्यक विषय कोणते असावेत आणि ऐच्छिक विषयांना किती जागा द्यावी, हा प्रश्न अध्यापकांना व विद्यार्थ्यांना सारखाच सतावीत असतो. तो पवईतच जन्मला असा समज सहज होतो. वस्तुतः मुंबई उपनगरात त्याची स्पष्ट जाणीव झाली ती चेंबूरपलीकडे, तुर्भ्याच्या डोंगराच्या कुशीत. आणि तीही पदवीच्या नव्हे, तर प्रशिक्षणाच्या निमित्ताने.

तुर्भ्याची अणुशक्तिसंस्था १९५४ साली स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. होमी भाभा यांना हा प्रश्न स्वतःच्या शिक्षणातूनच परिचित होता. १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते यंत्र-अभियंता होण्यासाठी. परत येऊन त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्यांचे मन मात्र पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकण्यास आडकाठी करणार नाही, अशी वडिलांची अट होती. १९३० साली भाभांनी ती पुरी केली. दोन्ही विद्या त्यांच्या ठायी आल्या खऱ्या, पण एकीमागून एक, आणि तेवढी वर्षे खर्ची घालून. अशी सवड व असे पालक किती जणांच्या वाट्याला येतात?

४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते. बांधणी व नियंत्रणव्यवस्था मात्र येथील मंडळींनीच सिद्ध केली. अशा कामात विद्यापीठांनी आखलेल्या सीमारेषा टिकत नाहीत. न्यूट्रॉनांची संख्या कोणत्या वेगाने वाढेल हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा, ती मोजणारे उपकरण इलेक्ट्रॉनिकीचे, आणि नियंत्रकदंड वेळेवर खाली उतरविण्याची जबाबदारी यंत्रशास्त्राची. परंतु विज्ञानाच्या पदवीधराने यंत्ररेखन सहसा केलेले नसे, आणि अभियंत्याचा पदार्थविज्ञानाशी संबंध आरंभीच्या एकदोन वर्षांतच संपलेला असे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने १९३३ पासून विज्ञानाच्या पदवीवर तंत्रज्ञानाचा अभ्यास रचून रसायनाच्या क्षेत्रात ही दरी बुजविली होती. पदार्थविज्ञानाला मात्र असा आश्रय मिळालेला नव्हता.

म्हणून १९५७ साली तुर्भ्यास प्रशिक्षणशाळा निघाली. तिच्या उभारणीत डॉ. राजा रामण्णा यांचा मोठा वाटा होता. विज्ञानाचे आणि अभियांत्रिकीचे पदवीधर निवडून त्यांना सुमारे वर्षभर शिकवावयाचे व मग संस्थेतच नेमावयाचे, अशी ही पद्धत होती. विद्यापीठांची ही उणीव कारखान्याने भरून काढावी तशी संशोधनसंस्थेने भरून काढली, असे म्हणावयास हरकत नाही. येथे ऐच्छिकाचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. पुढे करावयाचे काम ठाऊक असल्यामुळे शिकावयाचे काय, हे त्या कामानेच ठरत असे.

परदेशांत हा मेळ पदवीतच घालण्याचा यत्न झाला होता. युद्धकाळात रडारच्या कामावर पदार्थवैज्ञानिक व अभियंते एकत्र राबले, आणि त्या अनुभवानंतर १९४६ साली कॉर्नेल विद्यापीठात अभियांत्रिकी पदार्थविज्ञानाचा विभाग सुरू झाला. १९५५ च्या ग्रिंटर समितीने अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणाचा विचार करताना ऐच्छिक विषयांना साधारण एक-दशांश वाटा सुचविला. हा वाटा मला तोकडा वाटतो. तथापि तो ठरवून दिला गेला, हेही थोडे नव्हे.

पवईची संस्था १९५८ साली सुरू झाली तेव्हा पदवीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा होता. पुढे तो चारांवर आला. अभियांत्रिकी पदार्थविज्ञानात अभिजात यामिकी, विद्युत्‌चुंबकत्व, पुंजयामिकी, सांख्यिकीय पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिकी हा गाभा प्रयोगांसह पुरा करावयाचा, म्हणजे उरलेल्या जागा मोजक्याच. खरी ओढाताण तेथेच आहे. संशोधनाकडे कल असलेला विद्यार्थी त्या सर्व जागा सापेक्षता, क्षेत्रसिद्धांत अशा विषयांनी भरतो, आणि त्याच्या पदवीतील ‘अभियांत्रिकी’ हा शब्द नावापुरता उरतो. नोकरीची चिंता असलेला संगणकशास्त्राकडे धावतो, आणि तेथे पदार्थविज्ञान मागे पडते. दोघांनाही दोष देता येत नाही. तुर्भ्याच्या प्रशिक्षणार्थीला पदवी हाती आल्यावर आपली उणीव कळलेली असे. पवईचा विद्यार्थी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, उणीव कळण्यापूर्वीच निवड करतो.

ऐच्छिक विषय सुटे नसतात, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. अर्धसंवाहक साधनांचा विषय घ्यावयाचा तर घनपदार्थांचे विज्ञान आधी हवे, आणि त्याहीआधी पुंजयामिकी. विद्युत् विभागातील पुढचा विषय अखेरच्या वर्षी हवा असेल तर त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच करावी लागते. म्हणून योजना शेवटाकडून आरंभाकडे आखणे श्रेयस्कर. अध्यापकाचा सल्ला दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी मिळाला तरच त्याचा उपयोग. तिसऱ्या वर्षी मिळालेला सल्ला बहुधा सांत्वनाचाच असतो.

तुर्भ्याची शाळा मात्र बंद पडली नाही. २००५ साली अणुशक्तिनगरात होमी भाभा राष्ट्रीय संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर त्या वर्षभराच्या शिक्षणाचा पुढील पदवीशी सांधा जुळला, आणि पवईसारख्या ठिकाणांहून पदवी घेतलेले अभियंतेही त्या वर्गांत बसतात.