तेरचें चाक, अरणची बाग



परंडें तालुक्यांतील सोनारी हें गांव काळभैरवनाथाचें म्हणून ओळखलें जातें. देवळाच्या परिसरांत माकडांचे कळप निर्धास्त हिंडत असतात आणि त्यांच्यामधून वाट काढीत भाविक गाभाऱ्याकडे जातात. देवापुढें उभा राहून माणूस काय मागतो, हें तो चारचौघांत बोलून दाखवीत नाहीं. पण आपल्या खेड्यापाड्यांतील नवसांचे प्रकार कांहीं अगणित नाहींत. लेक चांगल्या घरीं पडावी, मुलाच्या हाताला काम लागावें, भावाभावांतलें वैर मिटावें, पीक पदरांत यावें. म्हणजे संसार, व्यवसाय आणि आपलीं माणसें या तीन ठिकाणीं सुख लाभावें, एवढेंच मागणें. तें लाभल्यावर माणूस समाधानी होतो काय? आणि एकाला जें पुरतें, तें दुसऱ्याला कां पुरत नाहीं? सोनारीच्या एका अंगास तेर व दुसऱ्या अंगास अरण अशीं दोन गांवें आहेत, कीं ज्यांच्या संतकथांत या प्रश्नाचा विचार पूर्वींच होऊन गेला आहे. आज त्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक ग्रंथांत ज्याच्या कापडाचा उल्लेख येतो, तेंच हें गांव. गोरोबा कुंभार येथलेच. त्यांचा जन्म १२६७ सालचा व समाधि १३१७ सालची, असें वारकरी परंपरा मानते. त्यांच्या कथा आपल्यापर्यंत पोंचल्या त्या बहुतांशीं महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळें, आणि तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे गोरोबांनंतर सुमारें साडेचारशें वर्षांनीं रचलेला आहे. तेव्हां या कथांना चरित्राचा पुरावा म्हणून उभें करणें बरोबर नव्हे. परंतु समाधानी माणूस कोणाला म्हणावें, याविषयीं आपल्या समाजाची समजूत काय होती, याची साक्ष मात्र त्या उत्तम देतात.

गोरोबांच्या घरीं संतमंडळी जमलेली असतां मुक्ताबाईंनीं कोपऱ्यांतलें थापटणें पाहून हें कशाला म्हणून विचारिलें. मडकें कच्चें कीं पक्कें, हें यानें कळतें, असें गोरोबा म्हणाले. मग आमचींही मडकीं पाहा, असा आग्रह झाला. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत चालले. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनीं निवाडा दिला कीं, हें मडकें कच्चें राहिलें आहे. लक्षांत घ्या, नामदेवांची भक्ति उणी ठरली नाहीं. देव त्यांच्याशीं बोलत असे, अशी ख्याति होती. उणें ठरलें तें इतकेंच, कीं एका थापेनें त्यांचें मन ढळलें.

पाश्चात्य मानसशास्त्रज्ञांनीं हीच परीक्षा या शतकाच्या आधींच्या शतकांत प्रश्नावल्यांच्या साहाय्यानें घेतली. लुइस टर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील ७९२ दांपत्यांची पाहणी प्रसिद्ध केली. संसार सुखाचा म्हणणाऱ्यांत त्याला ठळकपणें आढळलें तें असें, कीं त्यांचें बालपण आनंदांत गेलेलें होतें व त्यांच्या आईबापांचाही संसार सुखाचा होता. असमाधानी माणसें बहुधा चटकन् दुखावणारीं, कुरकुरीं आणि दुसऱ्याचें उणें काढणारीं निघालीं. लोवेल केली या दुसऱ्या अभ्यासकानें त्याच दशकांत लग्न ठरलेल्या सुमारें तीनशें जोडप्यांच्या स्वभावाची नोंद करून ठेविली. जवळजवळ अर्धशतकाचा मागोवा घेऊन १९८७ सालीं जो निष्कर्ष निघाला, तो कुंभाराच्या निवाड्याहून फारसा वेगळा नाहीं. लग्नापूर्वींच दिसलेला मनाचा अस्थिरपणा, मग तो वराचा असो कीं वधूचा, पुढच्या असमाधानाची चांगलीच आगाऊ सूचना देत होता.

मात्र कच्चें मडकें फेंकून द्यावयाचें नसतें. नामदेव पुढें औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व तेथें त्यांची भाजणी पुरी झाली, असें कथा सांगते. स्वभाव हें अटळ प्राक्तन आहे, असें तेरच्या कुंभारानें मानिलेलें दिसत नाहीं.

पण गोरोबांचें स्वतःचें घर? ही कथा आपण कीर्तनांत ऐकतों, डोळे पुसतों आणि पुढें जातों. तेथें जरा थांबावयास हवें. भजनांत रंगून चिखल तुडवीत असतां गोरोबांच्या पायांखालीं त्यांचें तान्हें मूल तुडविलें गेलें. पत्नी संतीनें आकांत केला, आणि पुढें रागाच्या भरांत त्यांना विठ्ठलाची शपथ घातली, कीं मला शिवूं नका. गोरोबांनीं ती शपथ अक्षरशः पाळली. वंश कसा चालावा, म्हणून संतीनें आपली धाकटी बहीण रामी त्यांना करून दिली. सासऱ्यानें दोघींना सारखेंच वागवा म्हणतांच गोरोबांनीं तिलाही तीच शपथ लागू केली. शेवटीं त्यांचे हातही गेले. एकाच छपराखालीं एक माणूस पूर्ण समाधानी, आणि दोन स्त्रिया त्या समाधानाची किंमत देत असलेल्या! माझ्या मतें या कथेचें मोठेपण तिच्या शेवटांत आहे. पंढरपुरीं कीर्तनांत गोरोबांना हात फुटतात, एवढ्यावर ती संपत नाहीं. संतीचें मूल रांगत तिच्याकडे येतें, तेव्हां संपते. घर सांधल्यावांचून कथाकारालाही कथा पुरी करतां आली नाहीं.

आतां अरणकडे वळूं. माढें तालुक्यांतील या गांवचे सावता माळी. परंपरेप्रमाणें त्यांचा काळ १२५० ते १२९५. ते वारीला गेले नाहींत. मळा, मोट आणि भाजीपाला यांतच त्यांना देव भेटला. म्हणून त्यांची पालखी पंढरीस जात नाहीं, उलट विठ्ठलाची पालखी अरणला येते. व्यवसायांतील समाधानाचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या शास्त्रज्ञांचें म्हणणें असें, कीं काम आपल्या इच्छेनें चालणें, तें आपल्याला येतें अशी खात्री असणें आणि आपल्या माणसांशीं जिव्हाळा असणें, या तीन गरजा भागल्या म्हणजे मन तृप्त राहतें. सावतोबांच्या मळ्यांत या तिन्ही भागत होत्या. कोणता वाफा आज भिजवावयाचा, हें त्यांना दुसरा कोणी सांगत नव्हता. लंडनच्या सरकारी नोकरांची जी पाहणी १९८५ सालीं सुरू झाली, तींतही हेंच दिसून आलें, कीं कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा थोडा, त्यांना हृदयविकार अधिक.

येथेंच मंगळवेढ्याच्या चोखोबांची आठवण होते. त्यांची भक्ति सावतोबांहून कमी नव्हती. पण त्यांचें काम त्यांच्या इच्छेचें नव्हतें, आणि ज्या देवासाठीं जीव तळमळे, त्याच्या महाद्वाराच्या आंत त्यांना पाऊल टाकतां येत नव्हतें. १३३८ सालीं गांवकुसाचें काम करीत असतां भिंत कोसळून ते गेले, असें परंपरा सांगते. त्यांच्या अभंगांत तक्रार आहे, प्रश्न आहे, संताप आहे. याला कच्चें मडकें म्हणावयाचें काय? समाधान मानून राहावें हा उपदेश आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे, आणि बहुधा भरल्या पोटाचा माणूस तो उपाशी माणसाला करीत असतो. स्वभावाचें थापटणें चोखोबांना लावण्यापूर्वीं ती भिंत कोणाची होती, हें विचारावें लागतें.

आजही हा प्रश्न सोनारीच्या मुलखापासून दूर नाहीं. दसऱ्याच्या सुमारास धाराशिव, बीड या भागांतून ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कोणत्या फडावर जावयाचें आणि किती राबावयाचें, हें त्यांच्या हातीं नसतें. मुलें एक तर पाचटाच्या कोपींत बरोबर राहतात, नाहीं तर गांवीं म्हाताऱ्यांजवळ. हिशेबाच्या वहींत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दोघांपैकीं एकाचें मन कामांतून उठलें, तर त्याची प्रश्नावली कोणी भरून घेत नाहीं. खाडा मांडला जातो, आणि हंगामाच्या शेवटीं जें फिटलें नाहीं, तें पुढच्या सालच्या उचलींत मिळविलें जातें.