चार मिनिटांची रात्र

२० डिसेंबर १९४२ च्या रात्री कोलकात्यावर जपानी बॉम्ब पडले आणि पुढच्या काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. विध्वंस फार मोठा नव्हता, पण धास्तीने हावडा स्टेशन तुडुंब भरले. बचावाला हरिकेन ही लढाऊ विमाने होती, पण अंधारात शत्रू शोधायचा कसा, हा प्रश्न होता.

उत्तर इजिप्तहून आले. ब्रिटिश हवाई दलाच्या ८९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून काही ब्यूफायटर विमाने जानेवारी १९४३ मध्ये डमडमला उतरली आणि १७६ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. दोन इंजिने, नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, पुढे वैमानिक, मागे रडारचा पडदा वाचणारा सोबती. जमिनीवरचे रडार विमानाला शत्रूच्या जवळपास नेऊन सोडी, उरलेले अंतर हा सोबती सांगे: डावीकडे, थोडे वर, वेग कमी कर.

तेव्हा विमानातले रडार इतके गुप्त होते, की रात्रीच्या वैमानिकांची नजर गाजरे खाऊन तीक्ष्ण झाली, असे ब्रिटनमध्ये पसरवण्यात आले. लोकांनी ते मानलेही!

१५ जानेवारीच्या चांदण्या रात्री १७६ च्या फ्लाइट सार्जंट प्रिंगने चार मिनिटांत तीन जपानी बॉम्बर पाडले. चारच दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या क्रॉम्बीच्या विमानाचे इंजिन पेटले. सोबत्याला उडी मारायला सांगून तो स्वतः जळत्या विमानातून लढत राहिला, आणखी बॉम्बर पाडले आणि मगच पॅराशूट उघडले. त्याला डीएसओ हे शौर्यपदक मिळाले.

मोजकी विमाने पडली, पण जपान्यांना रात्रीचे हल्ले आवरते घ्यावे लागले. शहराचा जीव भांड्यात पडला, असे मात्र म्हणवत नाही. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळाने कोलकात्याच्या फुटपाथांवर माणसे मरत होती आणि त्या शत्रूवर रडार चालत नव्हते.

५ डिसेंबर १९४३ ला जपानी परतले ते भरदिवसा, खिदिरपूरच्या गोदीवर. शेकडो माणसे मेली, त्यांत बहुतेक गोदी कामगार. १७६ कडे रडार बसवलेली थोडी हरिकेनही होती. रात्रीसाठी सजवलेली ती विमाने नाइलाजाने उन्हात वर गेली. त्यांतच प्रिंग मारला गेला. भवानीपूरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

पुढे स्क्वाड्रनला सावज क्वचितच मिळाले. १९४५ मध्ये मॉस्किटो विमाने आली, तोवर युद्ध संपत आले होते. १९४६ मध्ये स्क्वाड्रन मोडण्यात आली.