सुबाभूळ व मायमोसीन
सुबाभूळ हा मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील, आता उष्ण प्रदेशांत सर्वदूर पसरलेला शेंगवर्गीय चारावृक्ष. पाला प्रथिनसमृद्ध असला तरी त्यात मायमोसीन हे विषारी ॲमिनो अम्ल असते. कोठीपोटात त्यापासून तयार होणारे डीएचपी हे संयुग अवटू ग्रंथीचे कार्य बिघडवते. ऑस्ट्रेलियात या चाऱ्यावरील गुरांचे केस गळत, गलगंड होई. हवाईतील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत राहत. संशोधक रेमंड जोन्स यांनी या फरकाचे कारण झाडाऐवजी जनावराच्या पोटात शोधले. उष्णकटिबंधीय पशुआहार संशोधनातील ही अत्यंत सुंदर उकल आहे. हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातले जीवाणू १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियन गुरांना दिल्यावर विषबाधा आटोक्यात आली. १९९२ मध्ये त्या जीवाणूला ‘सिनर्जिस्टिस जोनेसी’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात सुबाभळीचा प्रसार मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या ‘बायफ’ संस्थेने केला.